दहा टाक्यांचा ठोसा

तरावीह संपते तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. रमजानमधली इशानंतरची ही लांब नमाज आटोपून माणसं मशिदीच्या पायऱ्या उतरतात आणि बाजारपेठेमागच्या गल्लीत जणू दुसरी सकाळ होते. फालुद्याच्या गाडीवर दिवे लागतात, शेवयांचे ढीग दुकानाबाहेर येतात, कोपऱ्यावर लोंबत्या बल्बखाली कॅरम मांडला जातो. याच गल्लीत एक जेंट्स टेलर आहे. वय ४३. पंधराव्या रोज्याला त्याच्या दुकानावर 'ऑर्डर बंद'ची पाटी लागते आणि तरीही चांदरातीपर्यंत लोक कापड घेऊन येतच राहतात. या महिन्यात झोप अशी त्याच्या वाट्याला येतच नाही. पण गेल्या रमजानमध्ये हा माणूस तरावीहनंतर थेट दुकानात न जाता आधी दोन घरं पुढं, मोठ्या बहिणीकडं जायचा. रोज अर्धा तास. आणि त्या अर्ध्या तासात तो रोज मार खायचा.

मार खायचा तो टीव्हीच्या पडद्यावर. बहिणीच्या मुलाकडं, म्हणजे भांज्याकडं, प्लेस्टेशन ४ आहे आणि त्यात 'टेकन ७' हा मारामारीचा खेळ. दोन माणसं, दोन पात्रं, साठ सेकंदांची फेरी, ज्याच्या आधी तीन फेऱ्या तो जिंकला. पहिल्या रात्री मामूची पहिली फेरी अकरा सेकंदांत आटोपली. दुसरी नऊ सेकंदांत.

त्याला हे अपेक्षित नव्हतं, कारण एकेकाळी तो या खेळातला गल्लीचा दादा होता. आज चाळिशी ओलांडलेल्यांना व्हिडिओ गेम पार्लर आठवत असतील. बसस्टँडजवळ नाही तर थिएटरच्या बाजूला एक अंधारी खोली, दारावर मळका पडदा, आत घामाचा वास. तिथं आधी 'मुस्तफा' होता. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', कॅपकॉम कंपनीचा १९९३चा खेळ. पण त्यात मुस्तफा नावाचं एक पात्र होतं आणि आपल्याकडं अख्ख्या खेळाला त्याचंच नाव पडलं. हिंदू मुलंही 'चल, मुस्तफा खेळू' म्हणायची. मग 'टेकन ३' आला. जपानमध्ये तो १९९७ साली आर्केडवर आणि १९९८ साली प्लेस्टेशनवर निघाला, आपल्याकडं जरा उशिरानं, कॉपी केलेल्या सीडींवर पोचला. टेकन म्हणजे जपानीत लोखंडी मूठ. त्या खेळात एडी गोर्डो नावाचा ब्राझीलचा एक पोरगा होता, कापोएरा नावाची नाचासारखी दिसणारी लढाई खेळणारा. एडी घ्यायचा आणि लाथांची बटणं डोळे मिटून बडवायची. समोरच्याला काही कळायच्या आत तो आडवा. मामू तेव्हा शिलाई शिकत होता आणि सुटी झाली की उस्तादांकडून मिळालेले दहा रुपये पार्लरमध्ये घालवत होता. एडी हेच त्याचं सगळं ज्ञान.

आता बहिणीकडं बसायचं कारण वेगळंच होतं. भांजा पुण्यात इंजिनिअरिंगला. दुसऱ्या वर्षी 'ईयर डाउन' झाला, म्हणजे विषय इतके राहिले की पुढच्या वर्गात जाताच येईना. तो घरी आला आणि खोलीत शिरला. वडील कुवेतला ड्रायव्हर. त्यांचा व्हिडिओ कॉल आला की दोन मिनिटं 'जी अब्बू, ठीक है अब्बू' आणि फोन अम्मीच्या हातात. सहरीला उठायचा, पहाटेचं जेवण खाली मान घालून उरकायचा, पुन्हा खोलीत. तीन महिने असेच गेले. शेवटी आपानं धाकट्या भावाला गाठलं. "तू मामू है उसका. तू बात कर."

मामूनं बात केली. दुकानात बोलावून चहा पाजला, स्वतःची उदाहरणं दिली, दहावी नापास होऊनही आज चार कारागीर हाताखाली कसे आहेत ते सांगितलं. पोरानं प्रत्येक वाक्याला मान हलवली आणि चहा संपताच घरी जाऊन दार लावून घेतलं. घरोघरी अशी भाषणं होतात आणि घरोघरी त्यांचं हेच होतं.

मग रमजानच्या दुसऱ्या की तिसऱ्या रात्री मामू काहीतरी द्यायला बहिणीकडं गेला. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पडद्यावर एक पात्र हातांवर उभं राहून पाय फिरवत होतं. मामू दारातच थबकला. "ये एडी है ना?"

पोरानं मान वर केली. आपाच्या म्हणण्याप्रमाणे तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

भांज्यानं दुसरा कंट्रोलर पुढं केला, मामूनं एडी घेतला, बटणं बडवली आणि अकरा सेकंदांत संपला. पुन्हा बडवली, पुन्हा संपला. चौथ्यांदा हरल्यावर पोरगा म्हणाला, "मामू, पहले हाथ हटाओ बटन पर से." कंट्रोलरवर चारच मुख्य बटणं: डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. त्यांतल्या एकालाही हात लावायचा नाही. मागं रेलायचं बटण धरून नुसतं अडवायचं. म्हणजे शिकवणीचा पहिला धडा होता काहीही न करण्याचा. दिवसभर हात चालवणाऱ्या माणसाला हे जड गेलं.

या खेळातला वार तीन उंचींचा असतो. डोक्याच्या उंचीचा वार उभ्यानं अडवता येतो किंवा खाली बसून चुकवता येतो. मधला वार बसलेल्यालाही लागतो, म्हणून तो उभ्यानंच अडवावा लागतो. पायातला वार बसूनच अडवायचा. म्हणजे उभं राहावं तर पायात बसतो, बसावं तर मधला बसतो. समोरचा काय करणार याचा सतत अंदाज बांधत राहायचा आणि त्याला आपला अंदाज लागू द्यायचा नाही. नवशिका हरतो तो बहुधा इथंच. त्याला वाटतं आपल्याला हल्ले कमी येतात. प्रत्यक्षात त्याला उभं कधी राहायचं हे कळलेलं नसतं. पायातले बहुतेक वार मधल्या वारांपेक्षा हलके असतात, म्हणून जाणते खेळाडू बराचसा वेळ उभ्यानंच काढतात आणि एखादी लाथ पायात बसली तर बसू देतात. हे ऐकून मामूला बरं वाटलं. सगळंच अडवायचं नसतं, ही सूट त्याला कुणी दिली नव्हती.

दुसरी गोष्ट वेळेची. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं. त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि खेळातला प्रत्येक वार फ्रेममध्ये मोजतात. सर्वांत चपळ साधा ठोसा, ज्याला जॅब म्हणतात, तो दहा फ्रेमचा. भांजा हे कागदावर लिहून समजावत होता आणि मामूच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मग मामूनंच विचारलं, साठ म्हणजे किती? पोरगा म्हणाला, मिनिटाला ३,६००. "अरे मग असं सांग ना!" मोटारीवरची शिलाई मशीन जोरात पळवली की मिनिटाला साधारण तेवढेच टाके घालते. म्हणजे एक फ्रेम म्हणजे एक टाका. जॅब दहा टाक्यांचा. त्या रात्रीपासून या घरात फ्रेम हा शब्द संपला.

टाक्यांचा हा हिशेब कळला की खेळ उलगडतो. डोळ्यानं पाहून बोटानं बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे पंधराएक टाके लागतात. त्यामुळं दहा टाक्यांचा ठोसा पाहून कुणीच अडवू शकत नाही. त्यासाठी आधीच सावध असावं लागतं. पण प्रत्येक वाराला मागची बाजूही असते. मोठा वार अडवला गेला तर मारणारा सावरेपर्यंत काही टाके उघडा पडतो. हे अंतर दहा टाके किंवा जास्त असेल तर त्या फटीत आपला जॅब हमखास बसतो. याला शिक्षा म्हणतात, खेळाडूंच्या भाषेत 'पनिश'. नवा खेळाडू खरा सुधारतो तो इथून. सुंदर सुंदर लाथांची माळ पाठ करून नव्हे, तर समोरच्यानं उघडी टाकलेली फट ओळखून तीत एक साधा ठोसा घालून. यूट्यूबवर लांबलचक कोंबोचे व्हिडिओ पाहणाऱ्या पोरांना हे पटत नाही. भांज्यालाही सुरुवातीला पटलं नव्हतं, असं त्यानं स्वतःच सांगितलं. हेही त्याचं तीन महिन्यांतलं सर्वांत लांब वाक्य होतं.

एडी सुटला. भांज्यानं मामूच्या हाती पॉल फिनिक्स दिला. ताठ उभ्या केसांचा, मोजक्या सरळ वारांचा गडी. एक जॅब, एक मधला वार, एक पायातला वार, एक उडवणारा वार आणि त्याचा तो प्रसिद्ध मोठा ठोसा. पाच गोष्टी. पहिला आठवडा एवढंच. सराव-खोलीत समोरच्या पात्राचा एखादा वार रेकॉर्ड करून ठेवता येतो. मग ते तो वार पुन्हा पुन्हा मारतं आणि आपण अडवून शिक्षा द्यायची सवय लावायची. भांज्यानं मामूसाठी रोज असा एक वार भरून ठेवायला सुरुवात केली. मामू यायच्या आधी तयारी करून ठेवायचा.

मामूनं टिपणं कुठं ठेवावीत? मापाच्या वहीत. छाती ४०, बाही २४, उंची ४२ आणि त्याखाली 'पॉल, मोठा ठोसा, अडवला गेला तर आपण मेलो.' पुढच्या पानावर पायजम्याची कमर आणि 'लो किक, बसून.' एका कारागिरानं एकदा वही उघडून विचारलं, "उस्ताद, ये लो किक कौनसे कस्टमर का है?"

नानीला, म्हणजे मामूच्या आईला, हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. बरकतीचा महिना, रात्री इबादतीच्या, आणि हे दोघं टीव्हीसमोर ठोसे मारत बसतात. तिचं चुकत नव्हतं. रात्रभर खेळून पहाटे डुलक्या घेणारी पोरं प्रत्येक मोहल्ल्यात आहेत आणि रमजानच्या नावावर गेमिंगचे धंदे करणारेही आहेत. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांनी किती घरं नासवली हे वेगळं सांगायला नको. २०२५ साली संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तो त्यासाठीच. त्या कायद्यानं पैसे लावायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांना, वेगळं मान्य केलं. हा फरक आईवडिलांनी समजून घ्यायला हरकत नाही. टेकनसारख्या खेळात दैव नाही, पैसे टाकून विकत मिळणारी ताकद नाही, आणि दोष द्यायला सोबतीही नाही. हरलो तर आपणच हरलो. तरीही अर्धा तास म्हणजे अर्धा तास, ही अट नानीनं घातली आणि ती घड्याळ घेऊन बसत असे.

दुसऱ्या आठवड्यात भांजा मामूला फोनवर सामने दाखवू लागला. इथं एक नाव घ्यावं लागेल आणि ते लाहोरचं आहे. काहींच्या भुवया उंचावतील. पण १९८६ साली शारजात मियांदादनं शेवटच्या चेंडूवर मारलेला षटकार आजही शिव्या देत का होईना आठवणारं हे शहर आहे, तेव्हा हेही चालून जावं. अर्सलान सिद्दीक, खेळातलं नाव अर्सलान ऐश. फेब्रुवारी २०१९मध्ये जपानच्या फुकुओका शहरात 'इव्हो जपान' ही मोठी स्पर्धा झाली. व्हिसा आणि विमानांच्या नाना अडचणी काढत हा पोरगा तिथं कसाबसा पोचला. टेकनमध्ये तोवर जपान आणि कोरियाचाच दबदबा; याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. तो जिंकला. जिंकल्यावर म्हणाला काय, तर आमच्याकडं माझ्या तोडीचे आणखी बरेच आहेत. लोकांना ती बढाई वाटली. कोरियाचा बे जे-मिन, जो 'नी' या नावानं खेळतो आणि ज्याला अनेकजण या खेळातला सर्वश्रेष्ठ मानतात, तो त्याच वर्षी खरं-खोटं करायला पाकिस्तानात जाऊन आला आणि तिथल्या अनोळखी पोरांकडून सपाटून हरला. ऑगस्टमध्ये लास वेगासच्या मुख्य इव्हो स्पर्धेच्या अंतिम फेरीत अर्सलाननं नीलाच हरवलं. पुढं २०२३ आणि २०२४ सालीही त्यानं तीच स्पर्धा जिंकली. त्याच्याच देशाच्या आतिफ बटनं टेकन वर्ल्ड टूरच्या २०२२च्या मोसमाची अंतिम फेरी मारली.

मामूला यात एकच गोष्ट विचारायची होती. "ये लोग सीखे कहाँ?"

उत्तर त्याला आवडलं. व्हिसा मिळत नव्हते, बाहेरच्या स्पर्धांना जाता येत नव्हतं, म्हणून ती पोरं गल्लीतल्या गेमच्या दुकानांत एकमेकांशीच खेळत राहिली. रोज तेच चेहरे, तेच प्रतिस्पर्धी. तुमची एक युक्ती एकदा चालते. दुसऱ्या दिवशी समोरचा तिचं उत्तर घेऊन येतो, मग तुम्हाला नवी शोधावी लागते. अनोळखी माणसाशी ऑनलाइन खेळताना एखादी वाईट सवय वर्षभर खपते. रोजच्या दोस्ताशी ती आठवडाभरही खपत नाही.

असा दोस्त इथंही होता. कुंभार गल्लीतला एक पोरगा, वडिलांच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा, भांज्याचा शाळेपासूनचा मित्र. भांजा खोलीत शिरल्यापासून त्याचे फोनही उचलले गेले नव्हते. मामूच्या खेळाची बातमी त्याच्या कानावर गेली आणि दहाव्या रोज्याला तो न विचारता येऊन बसला. आपानं त्याच्यापुढं इफ्तारीची उरलेली भजी ठेवली. तो 'किंग' खेळायचा. जग्वारचा मुखवटा घातलेला पैलवान, ज्याचं सगळं बळ पकडीत. पकड अडवता येत नाही. खाली बसून चुकवावी किंवा ती लागत असतानाच योग्य बटण दाबून सोडवावी. कुठला हात पुढं आला ते बघायचं. डावा आला तर डावं बटण, उजवा तर उजवं, दोन्ही आले तर दोन्ही. अवधी वीस टाक्यांचा. सेकंदाचा तिसरा हिस्सा.

आणि इथं मामूचा खेळ बिघडला. पहिल्या आठवड्यात जे जमत होतं तेही जमेना. अडवायचं, उंची बघायची, फट ओळखायची, त्यात आता हात बघायचा. विचार करेपर्यंत किंग त्याचे पाय धरून त्याला गरगर फिरवून फेकून देत असे. बाराव्या रोज्यापासून सतराव्यापर्यंत त्यानं एकही फेरी जिंकली नाही. "एडी ही अच्छा था," असं म्हणून त्यानं एका रात्री कंट्रोलर खाली ठेवला. "मामा, तुम्ही एका वेळी सगळंच बघताय," मित्र म्हणाला. "आज फक्त हात बघा. हरा खुशाल." हा सल्ला फार मोलाचा आहे. नवं शिकताना जुनं मोडतं, आणि ते मोडलेलं असताना जिंकायला गेलं की माणूस परत जुन्याच सवयीवर जातो. एका रात्री एकच गोष्ट. बाकी सगळ्यांत मार खायची तयारी. मामूनं दोन रात्री फक्त हात पाहिले. तिसऱ्या रात्री पहिली पकड सुटली. माणसांच्या बाह्या बघण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती, कुठला खांदा आधी हलतो हे त्याला एव्हाना दिसायला हवंच होतं, असं तो नंतर म्हणाला.

त्याच सुमारास ती गोष्ट घडली. मामू हरला की लगेच 'फिर से' म्हणायचा. रागानं. भांजा दरवेळी हात धरायचा: आधी रिप्ले. झालेला सामना पुन्हा लावायचा, जिथं आयुष्याची पट्टी एकदम घटली तिथं थांबवायचं, आपण त्या क्षणी काय दाबत होतो ते बघायचं. सुधारणारे आणि न सुधारणारे यांच्यातला मोठा फरक इथंच पडतो, असं सगळे जाणते खेळाडू सांगतात. मामूला मात्र ते बघवायचं नाही. "अपनीच पिटाई दुबारा क्या देखना?" तो म्हणाला.

पोरगा पडद्याकडं बघतच म्हणाला, "मैंने भी नहीं देखी."

मामूला आधी कळलं नाही. मग पोरगा हळूहळू बोलत गेला. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, पहिल्यांदा गेला तेव्हा उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येत होती. मित्रांनी मागवली. यानं नाही. बघायची हिंमत नव्हती. लगेच पुढच्या परीक्षेला बसला, तसाच, त्याच चुका घेऊन. पुन्हा गेला. त्याच्यासोबत आणखी तीन विषय गेले. अब्बूंना खरा आकडा अजून ठाऊक नाही. अम्मीलाही नाही.

बाहेर नानी घड्याळ बघत होती. त्या रात्री तिनं पाऊण तास होऊ दिला.

मामूनं काही उपदेश केला नाही, हे त्याचं शहाणपण म्हणायचं की त्याला काही सुचलंच नाही, कोण जाणे. त्यानं एवढंच विचारलं की तो पेपर अजून मागवता येतो का. मुदत गेली होती. मग दोघांनी रिप्ले पाहिला. दुसऱ्या दिवशी भांज्यानं मामूला आणखी एक जुना व्हिडिओ दाखवला. २००४, कॅलिफोर्निया, 'स्ट्रीट फायटर'चा सामना. जपानच्या दाइगो उमेहाराची आयुष्याची पट्टी केसाएवढी उरलेली, आणि समोरचा जस्टिन वाँग पंधरा लाथांचा महावार सोडतो. दाइगो एकेक लाथ अचूक क्षणी झेलतो, पंधराच्या पंधरा, आणि उलट वारात सामना जिंकतो. या खेळांच्या इतिहासात सर्वाधिक पाहिला गेलेला प्रसंग बहुधा हाच. मामूनं विचारलं, "फिर कप उसी को मिला?" नाही, पोरगा म्हणाला, अंतिम सामन्यात तो हरला. पुढं काही वर्षं त्यानं खेळच सोडला, वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत काम केलं, आणि मग परत आला. हे शेवटचं पोरानं जरा थांबून सांगितलं.

आपल्या वयाचं कुणी आहे का, हेही मामूनं विचारून घेतलं. आहे. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर'ला पदक होतं. नावाला २०२२ची, पण झाली २०२३ साली. भारताचे दोन खेळाडूही तिथं होते. सुवर्ण मिळवलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूनं. वय ४४. "मेरे से एक साल बड़ा," मामूनं ही बातमी दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. त्यातल्या निम्म्यांना तो कुस्तीविषयी बोलतोय असं वाटलं.

पंचविसाव्या रोज्यानंतर अर्धा तासही परवडेना. पठाण्यांचा ढीग छताला लागला होता. मग उलटं झालं. तरावीहनंतर भांजाच दुकानात यायला लागला. काज-बटणाला बसला. पहिल्या दिवशी त्यानं एका कुर्त्याला बटणं उलट्या बाजूला लावली आणि ती सगळी उसवावी लागली. मित्र शिवलेले कपडे मोटारसायकलवरून घरोघरी पोचवत होता. या चार-पाच रात्रींत कधीतरी काज करता करता पोरानं कुवेतला फोन लावला आणि स्पीकर बंद करून, फोन कानाला धरून दुकानाच्या मागच्या पायरीवर बराच वेळ बोलत बसला. काय बोलणं झालं ते मामूनं विचारलं नाही. आपाला मात्र दुसऱ्या दिवशी कुवेतहून फोन आला आणि ती थोडी रडली.

चांदरातीला दुकान उघडंच होतं. तीन वाजता कारागिरांनी चहा मागवला तेव्हा भांजा घरी गेला आणि प्लेस्टेशन आणि छोटा मॉनिटर घेऊन आला. कापड कापायच्या टेबलावर, खडूच्या रेघांवर, मॉनिटर ठेवला. मामूचा पॉल, मित्राचा किंग. कारागीर भोवती उभे. पहिल्या दोन फेऱ्या किंगनं घेतल्या. तिसऱ्या फेरीत किंगचा मोठा वार अडवला गेला आणि मामूनं फटीत जॅब घातला. चौथ्या फेरीत पुन्हा तेच, वर एक उडवणारा वार. दोन-दोन. शेवटच्या फेरीत दोघांचंही आयुष्य बोटभर उरलं. किंग धावत आला, डावा हात पुढं झाला आणि मामूनं पकड सोडवली. दुकानात आरडाओरडा. मामूचाही हात वर गेला.

तेवढ्यात किंगनं पायात एक साधी लाथ मारली. मामू उभाच होता.

"लो," भांजा म्हणाला.

"मामा, आधी खेळा, मग नाचा," मित्र म्हणाला.

मामूनं मापाची वही ओढली, कानावरची पेन्सिल काढली आणि एका शेरवानीच्या मापाखाली काहीतरी लिहिलं. अर्धं शटर कुणीतरी बाहेरून वाजवत होतं. नमाजला चार तास उरले आणि कुर्त्याला अजून कॉलर नाही. मामूनं मॉनिटर बाजूला सरकवला आणि मशीन सुरू केली.